डोक्यावरून गेलेल्या कवितेचं काय करायचं?

या वेळचं पत्र पुण्यातल्या एका वाचकाचं आहे. वय चाळिशीचं, खासगी नोकरी. त्यांच्या सोसायटीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनकट्टा भरतो. दहा-बारा जण जमतात, एकाने आपल्या आवडीच्या पुस्तकाबद्दल बोलायचं आणि मग चहा. आजवर कादंबऱ्या झाल्या, चरित्रं झाली, प्रवासवर्णनं झाली. यांची पाळी आली तेव्हा यांनी ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा संग्रह नेला. ही प्रत त्यांना पूर्वी रद्दीच्या दुकानात मिळाली होती, कुणा अनोळखी वाचकाच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. वडील गेले त्या वर्षी हे पुस्तक रोज त्यांच्या उशाशी असायचं.

कट्ट्यावर त्यांनी सात कविता वाचल्या आणि प्रत्येकीचा अर्थ उलगडून सांगितला. बोलणं संपल्यावर शांतता. मग एक काका म्हणाले, “आमच्या तर डोक्यावरून गेलं बुवा.” एक काकू म्हणाल्या, “म्हणजे ‘महाश्वेता’ मालिकेच्या गाण्याचे कवी ना? फार गोड गाणं ते.” तिसऱ्यांनी पुढच्या वेळी ‘जरा चांगली कादंबरी’ आणायला सुचवलं. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने तेवढा एका पानाचा फोटो काढून नेला.

ते लिहितात : “घरी आलो तेव्हा आपलं काहीतरी चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटत होतं. ज्या काकांना हरिपाठ तोंडपाठ आहे, त्यांना चार ओळींची कविता कळू नये? लोकांना कवितेची गोडीच उरली नाही का? की कविता ही एकट्यानेच वाचायची गोष्ट आहे? दोन महिन्यांनी माझी पाळी पुन्हा येतेय. कादंबरी नेऊ, कट्टा सोडू, की कवितेचे वाचक दुसरीकडे शोधू?”

नमस्कार,

आधी हे सांगून टाकते की सात कविता फार झाल्या. ग्रेस यांच्या तर फारच. मी स्वतः त्यांची चाहती आहे, तरी रविवारी संध्याकाळी, चहाच्या आधी, पाठोपाठ सात ऐकायची वेळ आली असती तर तिसरीनंतर माझे कान कपबशांकडे लागले असते. तेव्हा मंडळींना लगेच अरसिक ठरवू नका.

पण आकडा दुरुस्त करून भागणार नाही. तुम्ही कविता वाचलीत आणि लगोलग तिचा अर्थही हातात ठेवलात. मग ऐकणाऱ्यांनी करायचं काय? मान डोलवायची. त्यांनी ती डोलवली नाही, म्हणून तुम्हाला लागलं. त्या पुस्तकाशी तुमचं जे नातं जुळलं ते कुणी अर्थ सांगितल्यामुळे जुळलं होतं का? एक कठीण वर्ष होतं, उशाशी पुस्तक होतं, कुणा अनोळखी माणसाच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या आणि मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. एकेक ओळ तुमच्याजवळ यायला किती रात्री लागल्या असतील. तेच कट्ट्याला तासाभरात, तेही तुमच्या देखरेखीखाली, व्हायला हवं होतं. हे जरा जुलमाचं झालं.

वडिलांबद्दल तिथे तुम्ही काही बोलला नाहीत, असं पत्रात पुढे लिहिलंय. ते खासगी आहे, मान्य. पण मग झालं असं की ज्या कारणाने ती कविता तुमची झाली ते तुम्ही खिशात ठेवलंत, आणि प्रतिमा, रूपकं, संध्याकाळचे अर्थ तेवढे बाहेर काढलेत. ऐकणाऱ्यांना वर्गात बसल्यासारखं वाटलं असणार. सगळं सांगायची गरज नव्हतीच. “घरात एक दुःखाचा काळ होता, तेव्हा ही कविता माझ्यासोबत होती,” एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्यानंतर ‘जरा चांगली कादंबरी आणा’ असं म्हणायला फार कोडगं व्हावं लागतं.

आता काकांकडे येऊ. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात खटकलं. ज्या माणसाला हरिपाठ तोंडपाठ आहे त्याला कविता कळत नाही, असं तुम्ही त्याच वाक्यात लिहिता! ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग होतात. ते या गृहस्थांना शब्द न चुकवता येतात, रोज संध्याकाळी ते म्हणतात. तुम्हाला ग्रेस यांच्या किती कविता पाठ आहेत? खोचकपणे विचारत नाहीये, खरंच विचारतेय. तुमच्या कट्ट्यावर कवितेसोबत सगळ्यात जास्त वर्षं राहिलेला माणूस बहुधा हेच काका असतील. फरक इतकाच की त्यांची कविता ‘साहित्य’ या कपाटात ठेवलेली नाही, देवघरात आहे.

‘डोक्यावरून गेलं’ हे तुम्ही अपमान म्हणून घेतलंत. मी त्याला प्रामाणिक पोचपावती म्हणेन. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली आला, आणि दुर्बोध हा शिक्का ग्रेस यांना तेव्हापासून चिकटला तो आजतागायत. मलाही त्यांच्या कितीतरी ओळी कळत नाहीत, त्यावाचून माझं अडत नाही. त्यांच्याआधी हे मर्ढेकरांच्या वाट्याला आलं होतं. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली आल्यावर त्यातल्या एका कवितेतल्या, पिंपात मेलेल्या ओल्या उंदरांचं काय करायचं हे भल्याभल्यांना कळेना. अश्लीलतेचा खटलाही झाला, त्यातून ते सुटले. पुढे त्याच मर्ढेकरांच्या कविता पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे रंगमंचावर वाचायचे आणि लोक त्यासाठी तिकीट काढून येऊन बसायचे. बोरकरांच्या कवितांचं वाचनही त्या दोघांनी असंच केलं. पुढे सुनीताबाईंनी आरती प्रभूंची कविता लोकांपर्यंत नेली. उंदीर तेच होते. यमक कुठे आवळायचं, कुठे नुसतं थांबायचं हे जाणणारा आवाज मध्ये आला होता.

त्यामुळे कविता एकट्यानेच वाचायची का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘तीही एक रीत आहे’ इतकंच. आपल्याकडची तर ती तुलनेने नवी. अभंग टाळावर चालला, ओवी जात्यावर, लावणी फडात. छापील कविता आल्यावरही पुण्यात १९२३ साली माधव जूलियन, यशवंत, गिरीश या मंडळींनी रविकिरण मंडळ काढलं आणि कविता चारचौघांत गाऊन दाखवायची चाल रूढ केली. त्यावर नाकं मुरडणारेही होते. नंतर विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट गावोगाव फिरले, लोकांनी सभागृहं भरून त्यांना ऐकलं. तेव्हा मराठी माणूस कवितेला एकटाच भेटतो ही समजूत मनातून काढून टाका.

काकूंचं उत्तर तर तुम्ही वायाच घालवलंत. ‘भय इथले संपत नाही’ ही ग्रेस यांची कविता हृदयनाथांच्या चालीत लताबाईंच्या आवाजात घराघरांत गेली. काकूंना ती चालीसकट येत असेल. “म्हणजे ग्रेस तुम्हाला पाठ आहेत की, काकू. म्हणा ना,” एवढं म्हणाला असतात तर ती बैठक वेगळ्याच दिशेला गेली असती. त्यांनी दोन ओळी गुणगुणल्या असत्या, मग तुम्ही तेच शब्द चालीशिवाय, सावकाश वाचून दाखवले असतेत. चाल काढून घेतल्यावर शब्द किती अनोळखी होतात ते सगळ्यांना तिथल्या तिथे ऐकू आलं असतं. कवितेचं गाणं झालं की तिचं सत्त्व जातं असं मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. मी त्यातली नाही. आरती प्रभूंच्या ‘ये रे घना’ने जितके लोक त्यांच्या संग्रहापर्यंत आणून सोडले असतील, तितके एखाद्या समीक्षालेखाने आणले असतील असं मला वाटत नाही.

तर पुढच्या पाळीला काय करायचं? कादंबरी नेऊ नका. कविताच न्या, पण एकच, आणि छोटी. मी तुमच्या जागी असते तर बालकवींचा ‘औदुंबर’ नेला असता. आठ ओळी आहेत. बऱ्याच जणांना शाळेतून अर्धवट आठवत असेल, म्हणजे दडपण नाही. आणि शाळेतून आठवते म्हणजे कळलेली आहे असा सगळ्यांचा गैरसमजही असेल, म्हणजे गंमत आहे.

मोठ्या टायपात छापून प्रत्येकाच्या हातात कागद द्या. आदल्या दिवशी ग्रुपवर टाकू नका. तिथे ती सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. एकदा तुम्ही वाचा. मग कुणी काही बोलायच्या आत दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा, शक्य तर अगदी वेगळ्या वयाच्या, वेगळ्या आवाजाच्या माणसाला. दुसऱ्या वाचनात कविता बदलते, हे लोकांना आपोआप लक्षात येतं.

मग ‘अर्थ काय’ असं विचारू नका. वाट विचारा. कविता सुरू होते ती दोन्ही तटांवरच्या हिरवाळीपासून, निळ्यासावळ्या झऱ्यापासून. पुढे चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळे. इथवर एखाद्या कॅलेंडरवरचं चित्र म्हणावं. मग येते ती पायवाट :

‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.’

इथे थांबून विचारा : या वाटेने तुम्ही डोहापर्यंत गेला असतात का? कुणी म्हणेल, का नाही, काय शांत जागा आहे. कुणी म्हणेल, संध्याकाळी तर मुळीच नाही. गाव मागे राहिलं, वाटेवर माणूस एकही नाही, रंग हिरव्यापासून काळ्यापर्यंत आले, आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं ते झाड. ते निवांत आहे की उदास? यावर समीक्षकांनी पानंच्या पानं खर्ची घातली आणि एकमत काही झालं नाही. तुमच्या कट्ट्यावरही होऊ देऊ नका. कुणी ‘बरोबर उत्तर काय’ असं विचारलंच, तर माहीत नाही म्हणून सांगा.

बालकवी १९१८ साली, वयाच्या २७व्या वर्षी रेल्वेच्या अपघातात गेले, हे सुरुवातीला सांगू नका. ते आधी कळलं की प्रत्येकाला त्या डोहात मरणच दिसायला लागतं, आणि मग कविता बाजूला राहून चरित्र सुरू होतं. चहाच्या वेळी सांगा.

ही बैठक जमली तर पुढच्या वेळी ज्याने त्याने आपल्याला आवडलेली एक कविता आणायची असं ठरवा. त्यासाठी एकच नियम ठेवा, पण तो दरवाज्यावर लिहून लावल्यासारखा कडक पाळा : कविता दुसऱ्याची हवी. आपल्या महाराष्ट्रात कवितेची बैठक आहे एवढी कुणकुण लागायचा अवकाश, निम्मी मंडळी स्वरचिताची वही काखोटीला मारून हजर होतात आणि उरलेली निम्मी त्या वह्यांना घाबरून घरी बसतात. लिहिणाऱ्यांबद्दल मला आकस नाही. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. आवडती कविता वाटून घ्यायची तर काही काळ तरी आपण नुसते वाचक असायला हवं.

काकांना मात्र त्या दिवशी ‘कविता आणा’ म्हणू नका, ते घाबरतील. हरिपाठातला त्यांच्या आवडीचा एक अभंग म्हणायला सांगा, आणि तोच का, ते विचारा. त्यानंतर तुम्ही मर्ढेकरांची अभंगाच्या वळणाची एखादी कविता वाचा. मर्ढेकरांनी संतांचे छंद उचलले आणि त्यांत गिरण्या, यंत्रं, महानगरातली घुसमट भरली. हे ज्याच्या कानात अभंग मुरलेला आहे त्याला आपल्यापेक्षा आधी कळतं. कुठे छंद तोच आहे आणि कुठे देव गायब झालाय, हे तो माणूस तुम्हाला दाखवून देईल. काका पुन्हा ‘डोक्यावरून गेलं’ म्हणाले तरी या वेळी कुठली ओळ डोक्यावरून गेली ते सांगतील.

थोडं खबरदारीचं. कविता पुढे पाठवताना कवीचं नाव आणि संग्रहाचं नाव घाला, आणि ते संग्रह उघडून तपासून घाला. कुसुमाग्रजांच्या आणि पु. लं.च्या नावावर जो मजकूर फिरतो त्यातला बराचसा त्यांनी पाहिलासुद्धा नसेल. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांसोबत तर याचा पूर येतो. ओळी छान असतात हो, असं लोक म्हणतात. असतील, पण त्या ज्याने लिहिल्या त्याचं नाव पुसलं गेलं त्याचं काय? आणि हयात कवीच्या अख्ख्या संग्रहाची पीडीएफ वाटणं म्हणजे प्रेम नव्हे. आधीच कवितेचं पुस्तक विकत घेणारे मोजके.

‘वाचक दुसरीकडे शोधू का’ याचं उत्तर देण्याआधी नवी कविता कुठे शोधायची त्याबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या पत्रावरून वाटलं की तुम्ही ग्रेस यांच्यापाशी जरा अडकून राहिलात. गावातल्या जुन्या वाचनालयाचं सभासद व्हा आणि कवितेचं कपाट विचारा. ते बहुधा आतल्या खोलीत, खालच्या खणात असतं. पुस्तक उघडून मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी पाहा. शेवटचा शिक्का दहा-बारा वर्षांपूर्वीचा दिसला तर ते पुस्तक घरी आणाच. न हलणारी पुस्तकंच आधी निकालात निघतात, तुमच्या एका शिक्क्याने ते काही वर्षं टिकेल. जुन्या दिवाळी अंकांतली कवितांची पानं चाळा, तिथे पुढे नावारूपाला आलेले कवी नवखे असताना भेटतात. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली सुरू केलेल्या ‘कविता-रती’चे जुने अंक कुठे मिळाले तर सोडू नका, ते फक्त कवितेला वाहिलेलं नियतकालिक आहे. आणखी एक वाट म्हणजे आपला कवी कुणाला वाचत होता ते पाहणं. विंदांनी ‘अमृतानुभव’ आजच्या मराठीत आणला, दिलीप चित्र्यांनी तुकाराम इंग्रजीत नेला. त्यांचा हात धरून मागे गेलात की ज्ञानदेव-तुकाराम पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा फार निराळे दिसतात.

आणि ‘कुणाला दाखवावी की नाही’ हा संकोच तुमच्या एकट्याचा नाही. बहिणाबाई घरात, शेतात काम करता करता गाणी रचत. घरातल्यांनी ती ऐकून लिहून घेतली. त्यांचा मुलगा सोपानदेव चौधरी स्वतः नावाजलेला कवी. तरी आईची ती गाणी लोकांपुढे ठेवताना तेही कचरत होते. आई १९५१ साली गेली, त्यानंतर त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे वाचून नुसते खूश झाले नाहीत, त्यांनी हे छापलंच पाहिजे असा धोशा लावला, आणि १९५२ साली पुस्तक आलं. एका वाचकाच्या अशा आरडाओरड्यामुळे ‘अरे संसार संसार’ आज आपल्या तोंडी आहे. अत्र्यांनी कुणाला अर्थ समजावत बसल्याचं काही ऐकिवात नाही.

राहता राहिला कट्टा. तो सोडू नका. दुसरीकडे ‘खरे रसिक’ भेटतील ही आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. तशा मंडळींत सगळ्यांनाच सगळं आधीपासून आवडलेलं असतं, आणि ते कंटाळवाणं होतं. शिवाय तुमच्या पत्रातला तो फोटो काढणारा मुलगा! त्याला तुम्ही एका ओळीत उरकलंत, ‘तेवढा एक’ म्हणून. बारा माणसांतला एक वाचक एका संध्याकाळी मिळाला, हा यशाचा आकडा आहे, लक्षात येतंय का? त्याने कुठल्या पानाचा फोटो काढला हे तरी तुम्ही विचारलंत का? लिफ्टमध्ये भेटला की विचारा. पुस्तक वाचायला द्या, खुणांसकट, आणि ‘औदुंबर’चं दुसरं वाचन त्यालाच करायला सांगा.

ग्रेस यांना कट्ट्यावर पुन्हा न्यायचं का? न्या, पण तीन-चार बैठका होऊ देत. एक कविता, दोनदा, काकूंच्या गाण्यानंतर. अर्थ कुणी विचारला तरी सांगू नका, वडिलांबद्दलचं ते एक वाक्य मात्र जमलं तर सांगा.